एल्फ घ्यायचा तर कुणाचा, टोल्किनचा का डीअँडडीचा?

आमच्या लातूरच्या ग्रुपात नवीन आलेलं पोरगं हमखास विचारतं, दादा एल्फ कुणाचा धरू, टोल्किनचा का डंजन्स अँड ड्रॅगन्सचा? एल्फ म्हणजे फँटसीतली माणसासारखीच पण फार जगणारी जमात, टोल्किन म्हणजे लॉर्ड ऑफ द रिंग्जचा लेखक, आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजेच डीअँडडी, हा टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन खेळायचा गेम. कुणाला गेममधे खेळायचा असतो, कुणाला मराठीत फँटसी लिहायची असते. टोकदार कान, धनुष्यबाण, देखणेपण हे सगळ्यांना माहितीये, ते सोडून देऊ. खरा फरक आतला आहे, म्हणजे त्याचा जीव शरीराला कसा बांधलेला आहे आणि मेल्यावर त्याचं काय होतं.

डीअँडडीचा एल्फ आधी घेतो, कारण हल्ली बहुतेक जण तिथूनच येतात. हा झोपत नाही, चार तास ध्यान लावून बसला की त्याची रात्र संपली. पाचव्या आवृत्तीत आयुष्य साडेसातशे वर्षांचं, आणि शंभरीला आला की मोठा झाला असं धरतात. जादूनं त्याला झोपवता येत नाही, आणि घूल म्हणजे प्रेतं खाणारा राक्षस, त्याच्या पंजानं बाकीचे जागच्या जागी लुळे पडतात तसा हा पडत नाही. गेमच्याच २०१८ च्या मॉर्डेनकायनेनच्या पुस्तकात तर एल्फचा जीव पुन्हा पुन्हा जन्माला येतो आणि लहानपणी ध्यानात त्याला मागच्या जन्मांतलं दिसतं असंही आलं, आपल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चार जण टेबलाभोवती बसलेत, दोन तासांत लढाई उरकायचीये, तर हाच एल्फ सोयीचा, यात वाद नाही.

पण मला खटकलं ते त्याचं वय. सव्वाशे वर्षं जगलेला एल्फ आणि काल घर सोडून आलेलं अठराचं पोरगं, दोघं पहिल्याच लेव्हलला सुरू होतात. मी माझा एल्फ बराच काळ खेळलो, आणि गेम चालवणाऱ्या मित्रानं कधी विचारलं की एवढी वर्षं तू काय करत होतास, तर कागदावर त्याचं उत्तरच नसायचं, उगं काहीतरी जंगलात होतो म्हणून वेळ मारून न्यायची. मग एका लढाईत तो मेला. आमच्यातल्या पुरोहितानं मेलेल्याला उठवायचा मंत्र म्हटला, त्यात पाचशे सोन्याच्या नाण्यांचा हिरा खर्ची घातला, एल्फ उठून बसला आणि आम्ही पुढच्या खोलीचं दार उघडलं. ना दुःख ना काही. त्या रात्रीपासून माझं मन या एल्फमधून उतरलं ते उतरलंच. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुक या गेमच्या जुन्या नियमांच्या पुस्तकात तो मंत्र एल्फवर चालतच नव्हता, माणूस उठायचा पण एल्फ उठायचा नाही, ते मला जास्त पटतं राव.

टोल्किनकडं जीवाला फेआ आणि शरीराला ह्रोआ म्हणतात. आपण गीतेतलं जुनं वस्त्र टाकून नवं घेणं ऐकत मोठे झालो, तर वाटतं इथंही तसंच असेल, पण तसं नाहीये. तिथं शरीर म्हणजे त्या एकाच जीवासाठी बांधलेलं घर, दोघांची ताटातूट ही मुळातच विपरीत गोष्ट. एल्फ म्हातारपणानं मरत नाही, जग आहे तोवर तो जगाला बांधलेला, मारला गेला किंवा दुःखानं खचला तरच जातो, आणि गेला तरी जगाबाहेर जात नाही, मांडोस म्हणजे मेलेल्यांचा देव, त्याच्या दालनात थांबतो. तिथून परतता येतं, ग्लॉरफिंडेल नावाचा एल्फ बालरॉगशी, म्हणजे आगीच्या राक्षसाशी, लढताना मेला आणि परत आला, पण ते कुणी हिरा मोजून विकत घेतलेलं नाही. आणि युगं लोटतात तसा फेआच शरीराला हळूहळू जाळत नेतो, शेवटी नुसती सावली उरते. म्हणजे इथं वयाला वजन आहे, ते अंगावर दिसतं.

टोल्किनच्या सिल्मरिलियन या पुस्तकातल्या मिरिएल या एल्फ बाईचंच बघा. तिचा मुलगा फेआनोर जन्मला तेव्हा तिची सगळी ताकद त्या एका लेकरात गेली, ती लोरिएनच्या बागेत जाऊन निजली आणि जीव शरीर सोडून गेला. नवरा फिनवे वाट बघून बघून थकला, त्यानं दुसरं लग्न केलं. आता एल्फचं लग्न जन्मभराचं आणि जन्म जगाएवढा, म्हणून त्या लग्नाला परवानगी मिळाली ती मिरिएलनं परत देहात यायचं नाही या बोलीवरच. फेआनोरच्या मनातला सल पुढं सगळ्या वंशाला भोवला. एका बाईला जगायचा कंटाळा आला यातून अख्खा इतिहास फिरतो, आणि फिरतो तो एल्फचा जीव असा बांधलेला आहे म्हणूनच.

त्रासही आहे, नाही असं नाही. माहिती एका जागी सापडत नाही, बरीचशी त्याच्या मागं राहिलेल्या लिखाणाच्या, १९९३ च्या मॉरगॉथ्स रिंग या पुस्तकात आहे, आणि टोल्किननं स्वतःच मत बदललं, आधी परतणारा एल्फ बाळ म्हणून पुन्हा जन्मायचा, नंतर त्याला त्याचंच शरीर नव्यानं मिळायला लागलं. नियम पाठ करून खेळणाऱ्याला हे जड जाईल.

तिसराही एक आहे, पोल अँडरसनच्या १९५४ च्या द ब्रोकन स्वोर्ड या कादंबरीतला, बिनआत्म्याचा, लोखंडाला हात न लावू शकणारा, म्हणून माणसाचं मूल पळवून वाढवणारा. भयकथा लिहिणाऱ्यानं तो जरूर बघावा.

आता गेमच खेळायचा असेल तर डीअँडडीचा घ्या, काही बिघडत नाही, फक्त तुमच्या एल्फनं शंभर वर्षं काय केलं ते पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. पण गोष्ट लिहायची असेल तर माझ्या मते टोल्किनच, आणि सुरुवात सिल्मरिलियनच्या सहाव्या प्रकरणापासून करा, मिरिएल तिथंच भेटते.