चष्म्याचा नंबर पावणेदोन आणि पोराला जायचंय जहाजावर

नागपुरात धरमपेठेत एक निवृत्त चीफ इंजिनिअर घरीच मर्चंट नेव्हीचं मार्गदर्शन करतात. दीड तासाचे 1,200 रुपये. पोरगा बारावीत, रील पाहून पाहून डोक्यात जहाज शिरलेलं, म्हणून गेलो.

त्याआधी बर्डीवर एका एजंटकडे जाऊन आलो होतो. त्याने पंधरा मिनिटांत डॉलरमधला पगार सांगितला आणि 'सीट पक्की, कंपनी पक्की' म्हणत 4 लाख मागितले. चीफ साहेब हे ऐकून म्हणाले, "ताई, नोकरी लावून द्यायचे पैसे जहाजावर जाणाऱ्याकडून घेताच येत नाहीत. एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे जहाजावरच्या भरतीचा सरकारी परवाना आहे का, ते नौवहन महासंचालनालयाच्या साइटवर पाहा, मग बोला." माझे 1,200 इथेच वसूल.

पगाराचं त्यांनी नावही काढलं नाही. आधी पोराला रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला लावले, मग चष्म्याचा नंबर विचारला. पावणेदोन. "मग डेक, म्हणजे जहाज चालवायची बाजू, विसर. तिथे चष्मा चालत नाही. इंजिनला अडीचपर्यंत चालतो." हा तर मनातल्या मनात कॅप्टनची टोपी घालून बसलेला! तोंड एवढंसं झालं. मला मात्र बरं वाटलं. 4 लाख भरल्यावर कळलं असतं तर?

इंजिनरूम म्हणजे आपला मे महिना, तोही बिनकूलरचा. आता बऱ्याच जहाजांवर रात्री खाली कोणी बसत नाही, पण अलार्म वाजला की ज्याची ड्युटी त्याने केबिनमधून पळायचं. सहा-सहा महिने तीच वीसेक माणसं. सुट्टीवर घरी आलं की बहुतेकांचा पगार बंद. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घरात काही झालं तर तो येईलच असं धरू नका. माझे वडील गेले तेव्हा मी अटलांटिकमध्ये होतो. तेरवीलाही पोचलो नाही." मी चहा तसाच ठेवला.

तक्रार एकच. गप्पांत वेळ गेला आणि प्रवेशाचं शेवटच्या पाच मिनिटांत उरकलं. आयएमयू सीईटी (भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा), पीसीएममध्ये 60 टक्के, चार वर्षांचं मरीन इंजिनिअरिंग. किंवा आधी मेकॅनिकल करून मग एक वर्षाचा जीएमई, म्हणजे पदवीधरांसाठीचा मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स. हा दुसरा रस्ता मला जास्त पटला, जहाज नाही जमलं तरी डिग्री हातात राहते. पण त्यासाठी पुन्हा फोन करावा लागला.

जाताना गृहपाठ दिला. सात रात्री मी केव्हाही उठवायचं, पोराने तीन जिने उतरून पाण्याची मोटर पाहून यायची आणि वहीत वेळ लिहायची. दुसऱ्याच रात्री मायलेकांचं भांडण झालं. चौथ्या रात्री मी 2:20 ला उठवलं, वहीत वेळ मात्र 3:10. इतका वेळ काय करत होतास विचारलं, तर म्हणे मोटरचा आवाज वेगळा येत होता, झाकण उघडून पाहत होतो.

पाचपैकी चार.