संगीत सौभद्र : पावसाळ्यापासून रोज ऐकून-बघून झाल्यावरचा माझा अनुभव

पावसाळा सुरू व्हायच्या जरा आधीपासून मी सौभद्रच्या मागे लागलेय आणि आता थंडी पडायला लागली तरी ते सुटलेलं नाहीये. म्हणजे बसमध्ये जाता-येता कानात पदं, रात्री जेवणं आटपली की संहितेची चार पानं, आणि आसपास कुठे प्रयोग लागला की तिकीट काढायचंच, शनिवार असो की मंगळवार. ऑफिसमधल्या दोघीतिघींनी विचारलं की एवढं काय आहे त्या जुन्या नाटकात, एकदा बघितलं म्हणजे झालं ना. नाही झालं. म्हणून सविस्तर लिहितेय, ज्यांना पहिल्यांदा जायचंय त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी लहानपणी आजीच्या मांडीवर अर्धवट झोपेत बघितलंय त्यांच्यासाठी तर नक्कीच.

आधी माहिती पटकन. लेखक बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर, रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करणारा माणूस. १८८० साली त्यांनी पुण्यात शाकुंतल आणलं आणि तिथून आपली संगीत रंगभूमी सुरू झाली असं आपण मानतो. सौभद्र त्यानंतरचं, १८ नोव्हेंबर १८८२, पुण्यातच, पूर्णानंद नाट्यगृहात. त्या दिवशी पहिले तीनच अंक झाले, पाची अंकांचा पूर्ण प्रयोग १८८३ मध्ये. शाकुंतल कालिदासाचं, त्याचं त्यांनी मराठी केलं, पण सौभद्र त्यांचं स्वतःचं, गोष्ट महाभारतातली असली तरी. आणि १८८५ मध्ये अण्णासाहेब गेलेच, वयाची पंचेचाळिशीही गाठली नव्हती. हे वाचल्यापासून मला सारखं वाटतं की अजून दहा वर्षं मिळाली असती तर काय काय लिहिलं असतं त्यांनी.

गोष्ट तुम्हाला माहितीच असणार. बलरामदादाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, तिचं मन अर्जुनावर, अर्जुन तिकडे तीर्थयात्रेला, आणि कृष्ण दादाच्या तोंडावर काही न बोलता मागून सगळी सूत्रं हलवतोय. घटोत्कचाकडून झोपलेल्या बहिणीला उचलून रानात न्यायला लावतो, अर्जुनाला यतीचा वेष घालून द्वारकेत आणतो, आणि त्या खोट्या यतीवर सगळ्यात जास्त भक्ती कुणाची बसते, तर बलरामदादाची, तोच त्याला मानाने घरी आणतो आणि सेवेला सुभद्रेला ठेवतो! ही माणसं नावाला द्वारकेची आहेत, बोलतात-वागतात आपल्या घरातल्यासारखी. मोठा भाऊ तापट पण मनाने साधा, धाकटा गोड बोलून आपलंच खरं करणारा, आणि मधे जिचं लग्न आहे तिला कुणी काही विचारतच नाही. ‘वद जाऊ कुणाला शरण’ हे सुभद्रेचं पद मी आधी नुसतं चालीसाठी ऐकायचे. आता ऐकताना लक्षात येतं की अख्खं घर माणसांनी भरलेलं असून ही पोरगी विचारतेय मी जाऊ कुणाकडे. तिचा भाऊ कृष्ण सगळं जाणतो आणि तरी तिला सांगत नाही. त्या जागी मला दरवेळी कृष्णाचा राग येतो, अगदी दरवेळी.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी लिहायला घेतलं. इतके महिने ऐकून माझं ठाम मत झालंय की सौभद्रमधलं पद म्हणजे बोलणं आहे. संवाद थांबवून आता जरा गाऊन घेऊया असा प्रकार त्यात नाही, बोलता बोलता शब्द अपुरे पडले की माणूस सुरात येतो आणि पद संपलं की पुन्हा बोलायला लागतो. जो नट हे सांभाळतो त्याचा प्रयोग उभा राहतो, जो फक्त मैफल करतो त्याचा पडतो, भले गळा कितीही तयार असो.

‘नच सुंदरी करू कोपा’ घ्या. कृष्ण बऱ्याच दिवसांनी रुक्मिणीकडे आलाय, ती रुसून बसलीय, आणि हा समजूत काढतोय. पहिल्या ओळीत रागावू नको, दुसरीत माझ्यावर दया कर, मग रागाने तुझं अंग कसं थरथरतंय बघ. इथपर्यंत कुठलाही नवरा बोलेल. पण पुढे काय म्हणतो? ‘नारी मज बहु असती, परि प्रीती तुजवरती.’ म्हणजे ज्यावरून ती रुसलीय तेच उघड कबूल करतो आणि तेच प्रेमाचा पुरावा म्हणून पुढे ठेवतो. ही ओळ कशी टाकायची यावर सगळा प्रवेश अवलंबून आहे. मी एका प्रयोगात बघितलं, कृष्णाने ‘बहु असती’ जवळजवळ बोलल्यासारखं म्हटलं, जरा थांबला, रुक्मिणीने मान आणखी वळवली, आणि मग ‘परि’ वर असा हलकेच सूर लावला की पूर्ण थिएटर हसलं आणि टाळ्याही पडल्या, दोन्ही एकदम. त्या ‘परि’साठी मी पुन्हा त्याच मंडळींच्या प्रयोगाला गेले. दुसऱ्या एका ठिकाणी गायक खरंच तयारीचे होते पण ‘सुंदरी’ वर ताना घ्यायला लागले ते थांबेचनात, आणि रुक्मिणी बिचारी पाठ करून उभीच, तिने रुसवा किती वेळ धरून ठेवायचा? प्रवेश तिथेच थंड झाला.

वन्समोअरला माझा विरोध नाहीये हे सांगून ठेवते. ती संगीत नाटकाची परंपराच आहे आणि चांगलं पद दोनदा मिळालं तर कुणाला नकोय. फक्त पुन्हा गाताना त्यात काहीतरी नवीन सांगायला हवं, समोरच्या पात्राकडे बघून गायला हवं, प्रेक्षकांकडे तोंड करून नव्हे.

‘प्रिये पहा’ बद्दल मात्र मला कितीही लिहायला सांगा. पहाट होतेय, कृष्ण रुक्मिणीला उठवतोय, राग देसकार. आता देसकार सकाळचा राग आणि भूप रागाचे स्वर त्यात तेच, पण भूप संध्याकाळकडचा, गंधारावर विसावणारा, आणि देसकार वर धैवताला धरून असतो, त्यामुळे सुरुवातीलाच उजेड होतो. शब्द बघा, ‘थंडगार वात सुटत, दीपतेज मंद होत’. आधी अंगाला वारा लागतो, मग लक्ष जातं दिव्याकडे, की अरे हा फिका दिसायला लागला. अजून सूर्य नाही, पक्षी नाहीत, ते सगळं पुढे येतं. खोलीच्या आतून बाहेर अशी पहाट होत जाते या पदात! आणि शब्द किती छोटे, वात सुटत, मंद होत, सगळं चालू वर्तमानकाळातलं, डोळ्यासमोर घडणारं. मी हे पद सकाळी लवकरच्या बसमध्ये ऐकते, बाहेर अजून दिवे चालू असतात रस्त्यावरचे, आणि थोड्या वेळाने विझतात. त्यामुळे असेल कदाचित पण या पदाचा मला कधी कंटाळा आला नाही.

रेकॉर्डिंग कुणाचं ऐकावं असं विचाराल तर छोटा गंधर्वांपासून सुरू करा. सौभद्रमधला कृष्ण आणि छोटा गंधर्व हे समीकरणच आहे, आवाजात लाघव इतकं की रुसलेली व्यक्ती हसणारच. मग प्रभाकर कारेकरांचं ‘प्रिये पहा’ ऐका, गोव्याचा मोकळा आवाज, सूर कसा लख्ख लागतो. कारेकर फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले, तेव्हापासून मी ते जास्तच ऐकते. स्त्री-भूमिकेतलं गाणं पुरुष गायचे तो काळ तर आपल्याला मिळणारच नाही. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा कशी असेल याची आता फक्त वर्णनं वाचायची, कारण १९०१ मध्येच ते गेले. नंतरच्या काळात जयराम आणि जयमाला शिलेदार, पुढे कीर्तीताई, या घराने हे नाटक गावोगावी नेलं, आणि पुण्यात भरत नाट्य मंदिराची मंडळी अजून प्रयोग करतात. अशा लोकांमुळेच आपल्याला ते आज समोर बघता येतंय.

संहिता मात्र जरूर मिळवा. जुन्या छापाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर साकी, दिंडी, कामदा असं त्याच्या छंदाचं नाव लिहिलेलं असतं, किंवा कुठल्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं ते. कीर्तनातल्या चाली, लावणीच्या, कानडी मुलखातल्या, जे लोकांच्या कानात आधीच होतं ते अण्णासाहेबांनी उचललं आणि त्यात गोष्ट भरली. मूळ संहितेत शंभराच्या वर पदं आहेत, हे ऐकून घाबरू नका, बरीचशी दोन-चार ओळींची आहेत आणि गोष्ट पुढे ढकलून बाजूला होतात. हल्लीचे प्रयोग तीन-साडेतीन तासांत बसवायचे म्हणून कात्री लागते आणि ती नेमकी या साक्या-दिंड्यांवर पडते. मोठी रागदारीची पदं ठेवतात कारण टाळ्या तिथे आहेत. वेळेची अडचण मला कळते, शेवटची बस सगळ्यांनाच गाठायची असते, पण दिंडी गेली की दोन मोठ्या पदांमधलं बोलतं गाणंच जातं, आणि मग नवीन माणसाला वाटतं की या नाटकात सारखं कुणीतरी थांबून गातंय. त्यापेक्षा मोठ्या पदातल्या ताना थोड्या आवरा आणि साक्या परत आणा, असं मी प्रत्येक मंडळाला हात जोडून सांगेन.

तक्रार एकच, आणि ती नाटकाची नाही, थिएटरची आहे. आमच्या इकडच्या एका नाट्यगृहात ध्वनिव्यवस्था अशी होती की सुभद्रेच्या पदराला लावलेला माइक प्रत्येक हालचालीला खरखरायचा, ऑर्गन स्पीकरमधून इतका मोठा की शब्द ऐकूच येईनात, आणि तबला कुठेतरी विहिरीत. मध्यंतरात जाऊन सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, दुसऱ्या अंकातही तेच. या नाटकात शब्द गेला की सगळं गेलं हो. माइक कमी ठेवा चालेल, आम्ही कान देऊन ऐकू.

त्याच्या अगदी उलट अनुभव गोव्यात आला. फोंडा तालुक्यात आत्याच्या गावी देवळाच्या उत्सवात सौभद्र होतं, गावातलीच माणसं, मंडपात खुर्च्या आणि पुढे सतरंजीवर पोरं. सुरू व्हायला रात्रीचे साडेदहा झाले. कृष्ण झालेले गृहस्थ दिवसा शाळेत शिकवतात असं आत्या म्हणाली. आवाज थोडा बसलेला, वरचा षड्ज काही प्रत्येक वेळी लागत नव्हता, पण शब्द, अहाहा! ‘पावना वामना या मना’ ला नारदाबरोबर मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका पुटपुटत होत्या, सगळं पाठ. बलराम यतीच्या पाया पडला तेव्हा सतरंजीवरचा एक मुलगा ओरडला, ‘अरे तो अर्जुन!’, आणि बलरामाने न हसता त्याच्याकडे एकदा बघितलं आणि दुसऱ्यांदा नमस्कार केला. लोक हसून लोळले. तालमीत बसवलेलं नसणार ते, पण बलराम कसा आहे ते त्या दुसऱ्या नमस्कारात अख्खं दिसलं. गोव्यात जत्रा-उत्सवांत ही संगीत नाटकं अशी टिकून आहेत आणि तिथे कुणी ती वारसा वगैरे म्हणून बघत नाही, आपलं नाटक म्हणून बघतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी एकदा तरी तिकडे जाऊन बघाच.

मुलांना न्यावं का? हो, सात-आठ वर्षांच्या पुढे नक्की. माझ्या भाचीला घटोत्कच भयंकर आवडला आणि खोट्या यतीचं गुपित आपल्याला माहितीये आणि बलरामाला नाही यात तिला फार मजा आली. पदांच्या वेळी थोडी चुळबुळ झाली, ते चालायचंच. जायच्या आधी गोष्ट सांगून ठेवा, आणि दोन पदं घरात आठवडाभर लावून ठेवा, मग ओळखीचं पद आलं की मूल आपणहून ताठ बसतं.

पहिल्यांदा जाणाऱ्या मोठ्यांनाही हेच सांगेन. सहा-सात पदं आधी ऐका, ‘राधाधर मधुमिलिंद’, ‘वद जाऊ कुणाला’, ‘बहुत दिन नच भेटलो’, ‘नच सुंदरी’, ‘प्रिये पहा’, ‘नभ मेघांनी आक्रमिले’, एवढी पुरे. रागांची माहिती नसली तरी काही अडत नाही, मलाही सुरुवातीला देसकार-भूप काही कळत नव्हतं. जेवण आधी उरका, भुकेल्या पोटी तिसरा अंक जड जातो. आणि फोन बंद ठेवा, सायलेंट नव्हे, बंद, कारण त्या अंधारात उजळणारा स्क्रीन चार रांगा मागपर्यंत डोळ्यात जातो.

जागा कुठली घ्यायची तर माझी निवड आता ठरलीय, चौथी-पाचवी रांग, मधोमध नाही, जरा कडेला, जिथून ऑर्गनवाल्यांचे हात आणि गाणाऱ्याचा चेहरा दोन्ही दिसतात. पद सुरू व्हायच्या आधी एक क्षण नट बोलता बोलता ऑर्गनचा सूर कानात घेतो आणि ऑर्गनवाले त्याच्या तोंडाकडे बघत बोट टेकवून थांबलेले असतात, ते तिथूनच दिसतं. पुढच्या महिन्यात पुण्याला प्रयोग लागतोय असं कळलंय, तिकीटविक्री सुरू झाली की मी त्या कडेच्या दोन खुर्च्या घेणार, एक आईसाठी.