झेनोडोवर दम्याचा आणि हवेचा डेटा: पावसाळ्यापासून होळीपर्यंतचा अनुभव

आमचा अभ्यास छोटा. बडोद्यातले दम्याचे पेशंट, त्यांचे पीक-फ्लोचे (जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो त्याचे) आकडे, आणि काही घरांच्या गच्चीवर बसवलेल्या स्वस्त सेन्सरांचं पीएम २.५, म्हणजे हवेतल्या बारीक कणांचं प्रमाण. डेटा सगळ्यांना मिळेल असा ठेवायचा होता, म्हणून झेनोडो ही संशोधनाचा डेटा ठेवायची वेबसाइट घेतली. जिनिव्हाची सर्न संस्था ती २०१३ पासून चालवते, पैसे पडत नाहीत, एका नोंदीत ५० जीबी मावतात आणि डीओआय, म्हणजे संदर्भासाठीचा कायमचा क्रमांक, मिळतो. आमचा सगळा पसारा एका जुन्या पेनड्राइव्हमध्ये बसला असता, ते सोडा.

अपलोड म्हणजे चहा उकळेपर्यंतचं काम. त्याआधीची तयारी मात्र संपता संपेना.

‘दांडिया बाजार, बाई, वय ८४, घरी ऑक्सिजन’ एवढं वाचलं की नावाची गरजच नाही, वाड्यातलं कुणीही सांगेल कोण ते. म्हणून वस्ती काढली, वयं गटांत टाकली. तारखांचं कोडं अवघड निघालं. आरोग्याच्या डेटात प्रत्येक पेशंटच्या तारखा काही दिवस मागेपुढे सरकवायची पद्धत आहे. इथे तसं केलं तर दिवाळीचा धूर भलत्याच दिवशी पडतो आणि हवेशी संबंध लावायलाच काही उरत नाही. मग तारीख काढून त्या दिवसाची पीएम २.५ ची सरासरी पेशंटच्या ओळीत लिहावी, असा विचार आला. आमच्या सांख्यिकीच्या ताईंनी तो तिथल्या तिथे मोडीत काढला: “अरे, ८७.४३ हा आकडा हवेच्या खुल्या फाइलीत शोध की, तारीख लगेच सापडेल!” शेवटी नेमके आकडे न देता पट्टे दिले. आपल्याकडे २४ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, म्हणून एक पट्टा ६० वर तोडला. बारकावा गेला, त्याला इलाज नाही.

नोंदी दोन केल्या. हवेची फाइल सर्वांना खुली. पेशंटच्या फाइलीचं वर्णन सर्वांना दिसतं, फाइल मात्र मागितल्यावर. ही सोय मला सगळ्यात आवडली. फक्त विनंती मान्य करायची की नाही हे आपणच ठरवायचं, तेव्हा नोंद एखाद्या शिकाऊ मुलाच्या खात्यावर ठेवू नका. तो पीएचडी करून पुण्याला गेला की उत्तर द्यायला कोणी नाही.

हवेच्या फाइलीबद्दल दोन गोष्टी. सेन्सर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितो आणि आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे यूटीसीच्या तासाची सरासरी आपल्या घड्याळाच्या तासाशी कधीच जुळत नाही. मिनिटांचे कच्चे आकडे ठेवा. दुसरं, पावसाळ्यात कण ओलावा शोषून फुगतात आणि प्रकाशावर चालणारा सेन्सर आकडा चढवून दाखवतो. आर्द्रतेचा कॉलम काढू नका, दुरुस्त आकड्याशेजारी मूळ आकडाही राहू द्या. आणि सेन्सर बंद होता तिथे शून्य भरू नका, हे सांगायला लागू नये, लागतं.

झेनोडोवर फोल्डर ठेवता येत नाहीत, झिप करा. प्रकाशित फाइल बदलायची तर नवी आवृत्ती काढावी लागते. प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय आणि सगळ्यांचा मिळून एक. पेपरात आवृत्तीचाच द्या. वर्णन मात्र नंतरही सुधारता येतं. कॉलमात काय आहे ते तिथे कोणी तपासत नाही. चुकून फोन नंबर राहिला तर तोही जगभर जाईल.

रीडमी, म्हणजे डेटात काय आहे ते सांगणाऱ्या फाइलीवर वेळ घालवा. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको: कार्ड नसलेलं पुस्तक कपाटात असूनही सापडत नाही. आमच्या रीडमीत एककं, सेन्सरची जात, गाळलेल्या ओळी, सगळं आहे. सुरुवातीच्या काही पेशंटांच्या संमतिपत्रात ‘फक्त या अभ्यासासाठी’ असं छापलेलं होतं. त्यांच्या ओळी आम्ही दिलेल्या नाहीत. त्यामुळे झेनोडोवरच्या नोंदीतली पेशंटांची संख्या पेपरातल्या संख्येपेक्षा कमी भरते, आणि ते रीडमीत पहिल्याच परिच्छेदात लिहून ठेवलंय.