रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स बंद पडला: दुरुस्ती करावी, डिस्क काढावी की रिकव्हरीवाल्याकडे द्यावा?

मागच्या मे महिन्यात, ऐन दुपारी, आमचा रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स बंद पडला. लाल दिवाही लागेना. आत साठ-सत्तर कार्यक्रम होते, पण मला त्यातला एकच हवा होता. 2014 साली सह्याद्री वाहिनीवरच्या शेतीच्या कार्यक्रमात माझ्या वडिलांशी झालेली बावीस मिनिटांची बातचीत. संत्र्याच्या आंबिया बहाराला (उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याला) ताण किती दिवस द्यायचा, म्हणजे झाडाचं पाणी किती दिवस बंद ठेवायचं, आणि तो कधी तोडायचा, हे ते काटोलच्या बगीच्यात उभं राहून सांगतात. बाबा आता नाहीत, आणि ते बोलताहेत असा दुसरा व्हिडिओ आमच्याकडे नाही.

कंपनीला फोन लावला तर उत्तर मिळालं की जुना बॉक्स जमा करा, नवीन सवलतीत मिळेल. रेकॉर्डिंगचं काय, असं विचारलं तर "ते जाईल सर." त्यानंतर महिनाभर मी या विषयामागे लागलो. नागपूरच्या बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) दुकानांत गेलो, डेटा रिकव्हरीवाल्यांना विचारलं, स्वतः डिस्क जोडून पाहिली. ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांच्यासाठी प्रत्येक वाट कशी आहे, कुठे पोचवते आणि कुठे अडकते, ते मांडतो.

सगळ्यात आधी एक विनंती: निर्णय होईपर्यंत बॉक्स कोणालाही देऊ नका. डीटीएचच्या बॉक्समधलं रेकॉर्डिंग कुलूप लावून ठेवलेलं असतं, आणि त्या कुलपाची किल्ली बॉक्सच्या मुख्य बोर्डवरच्या चिपमध्ये आणि व्ह्यूइंग कार्डात (बॉक्समध्ये सरकवायच्या कंपनीच्या कार्डात) असते. म्हणजे बोर्ड, कार्ड आणि डिस्क ही एकमेकांना बांधलेली आहेत. नुसती डिस्क ठेवून बॉक्स परत केला, तर तुमच्या हातात किल्ली नसलेली तिजोरी राहते. त्याच मॉडेलचा दुसरा बॉक्स आणून त्यात डिस्क बसवली तरी तो बहुतेक वेळा फॉरमॅट करू का म्हणून विचारतो. तिथे चुकूनही हो म्हणू नका. आणि रिचार्ज चालू ठेवा, कारण बऱ्याच बॉक्सवर खातं बंद झालं की जुनं रेकॉर्डिंगही उघडत नाही.

नेमकं काय गेलंय?

वाट निवडण्याआधी हे कळलं पाहिजे, आणि त्याला रात्रीची शांतता पुरते. कूलर बंद करा, बॉक्सला कान लावा आणि स्विच द्या. दिवा नाही, आवाज नाही, तर बहुतेक पॉवर सप्लाय गेला आहे. दिवा लागतो, डिस्क फिरल्याचा बारीक घरघर आवाज येतो, पण लोगोवर येऊन बॉक्स पुन्हा पुन्हा सुरू होतो, तर पॉवर कमी पडतेय किंवा डिस्क वाचली जात नाहीये. आतून टक-टक-टक असा ठरावीक लयीत आवाज येत असेल, तर बहुतेक डिस्कचं हेड (तबकडी वाचणारा भाग) गेलंय. अशा वेळी लगेच बंद करा आणि परत चालू करून पाहू नका, कारण प्रत्येक वेळी तबकडीवर नवा ओरखडा पडू शकतो.

वाट पहिली: बॉक्सच दुरुस्त करणं

लोक ही वाट सोडून देतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. नागपुरात ही सगळ्यात जास्त वेळा लागू पडणारी वाट असावी असं माझं मत आहे. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कॅपेसिटर (वीज साठवणारे डबीसारखे भाग) उष्णतेने सुकतात. ढोबळ हिशेब असा, की तापमान दर 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. इथे उन्हाळ्यात बाहेरच 45 अंश असतात. बॉक्स बंद कपाटात, वर इन्व्हर्टरची वायर, खाली डीव्हीडी प्लेअर. आत काय होत असेल ते सांगायला नको.

बर्डीवरच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात एका कारागिराने आमचा बॉक्स उघडला. टॉर्च मारून म्हणाला, "हे पाहा भाऊ, दोन फुगून राहिले." दोन कॅपेसिटरची चकतीसारखी सपाट डोकी वर आली होती, एकाच्या फटीतून तपकिरी डिंकासारखं काहीतरी बाहेर येऊन वाळलं होतं. मी त्याला 105 अंशवालेच कॅपेसिटर टाकायला सांगितलं (85 अंशवालेही मिळतात, ते घेऊ नका). अर्ध्या तासाचं काम, 450 रुपये. बॉक्स सुरू झाला आणि यादी जशीच्या तशी आली.

काही बॉक्सना बाहेरचा 12 व्होल्टचा अडॅप्टर असतो. तिथे आधी दुसरा अडॅप्टर लावून पाहा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची प्लस-मायनस तीच. मल्टिमीटरवर 12 व्होल्ट दिसले म्हणून अडॅप्टर चांगला असं समजू नका. डिस्क फिरायला लागली की दुबळा अडॅप्टर बसतो.

घरी उघडायचा विचार असेल तर एक धोका आहे: प्लग काढल्यावरही सप्लायमधला मोठा कॅपेसिटर 300 व्होल्टपेक्षाही जास्त चार्ज धरून ठेवू शकतो. सोल्डरिंगचा हात नसेल तर हे काम कारागिराचंच. मात्र त्याला बजावून सांगा: सॉफ्टवेअर टाकायचं नाही, फॅक्टरी रिसेट करायचा नाही, डिस्क बदलायची नाही.

या वाटेची मर्यादा उघड आहे. मुख्य बोर्डावरची चिप जळाली असेल, वीज कोसळून किंवा व्होल्टेज एकदम वाढून, तर किल्लीच गेली. मग डीटीएचचं रेकॉर्डिंग परत मिळत नाही, आणि त्यापुढे रिकव्हरीवर पैसा घालू नये.

वाट दुसरी: डिस्क काढून तिची नक्कल

बॉक्स ठीक आहे पण डिस्क आजारी आहे, तेव्हा ही वाट. आतली डिस्क साधी साटा हार्ड डिस्क असते, बहुतेक 320 किंवा 500 जीबीची. ती कॉम्प्युटरला जोडली की विंडोज म्हणतं, डिस्क ओळखता येत नाही, फॉरमॅट करू का, इनिशियलाइज करू का. दोन्हीला नाही. बॉक्सची फाइल-रचना विंडोजला कळत नाही एवढाच त्याचा अर्थ.

कामाची चीज म्हणजे लिनक्सवरचा (विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर चालणाऱ्या प्रणालीवरचा) डीडीरेस्क्यू हा फुकट प्रोग्राम. तो आधी डिस्कचा चांगला भाग भराभर उतरवून घेतो, खराब जागा मागे सोडतो आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतो. कुठवर झालं याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे मधेच लाइट गेली तरी पुढून सुरू करता येतं. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. धडधाकट 500 जीबी डिस्क दोन-अडीच तासांत उतरते, आजारी डिस्कला दिवस लागू शकतात. नक्कल झाली की ती त्याच बॉक्समध्ये बसवायची. नशीब चांगलं असेल तर बॉक्सला फरक कळत नाही. काही बॉक्स डिस्कला पासवर्ड लावतात, तिथे ही वाट सुरुवातीलाच थांबते.

नक्कल करताना डिस्कवर पंख्याचा वारा ठेवा. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आत दव धरतं.

वाट तिसरी: डेटा रिकव्हरीवाले

टक-टक करणाऱ्या डिस्कसाठी हाच उपाय, कारण हेड बदलायचं काम धूळमुक्त खोलीतच होतं. खर्च काही हजारांपासून सुरू होतो आणि हेडच्या कामात बराच वर जातो. पण इथे फसगत वेगळ्या प्रकारची आहे. ते प्रामाणिकपणे काम करतील, शेकडो फाइली काढून देतील, आणि त्यातली एकही चालणार नाही, कारण कुलूप तसंच. म्हणून त्यांच्याकडे फाइली मागू नका, "सेक्टर-टू-सेक्टर क्लोन" (अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल) मागा, म्हणजे तो क्लोन बॉक्समध्ये बसवता येईल. डेटा निघाला नाही तर पैसे किती, हे लिहून घ्या. बाबांची बातचीत असेल तर मी हा खर्च केला असता. मालिकेच्या भागांसाठी करू नये.

वाट चौथी: दुसरीकडून मिळवणं

आपल्याकडे बरंच काही उगाच जपून ठेवलेलं असतं. आमच्या बॉक्समध्ये 12 मार्च 2011 ची नागपूरजवळच्या जामठ्याची मॅचही होती, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिनच्या 111 धावांची. भावाचा जीव तिच्यात, पण विश्वचषकाच्या मॅचच्या चित्रफिती बाहेर मिळतात. मालिका ओटीटीवर असतात, दूरदर्शनचं बरंच जुनं साहित्य प्रसार भारतीच्या यूट्यूब वाहिन्यांवर आहे. स्थानिक कार्यक्रम असेल तर नाव आणि प्रसारणाची तारीख घेऊन नागपुरात सेमिनरी हिल्सच्या दूरदर्शन केंद्रात विचारून पाहायला हरकत नाही. घरच्या माणसाचा चेहरा असलेला भाग मात्र मिळेल या भरवशावर बॉक्स टाकू नका.

फ्री डिशच्या साध्या बॉक्सवर पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड केलं असेल, तर तुम्ही सुखी. तिथे बहुधा उघडी, म्हणजे कुलूप नसलेली, टीएस नावाची व्हिडिओ फाइल असते, कधी 4 जीबीच्या तुकड्यांत. बॉक्स मेला तरी कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते. टीव्हीला थेट पेन ड्राइव्ह लावून केलेलं रेकॉर्डिंग मात्र बहुतेक त्याच टीव्हीवर चालतं.

बॉक्स सुरू झाल्यावर लगेच

दुरुस्त झालेला बॉक्स किती दिवस चालेल ते सांगता येत नाही, म्हणून त्याच संध्याकाळी बाहेर काढायला लागा. एचडीएमआयवर कॉपी-संरक्षण असल्यामुळे साध्या कॅप्चर यंत्रावर (बॉक्सचं चित्र कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या यंत्रावर) काळा पडदा येतो. मागच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिनांतून मात्र बहुतेक वेळा चित्र निघतं. हजार-दीड हजारांचं यूएसबी कॅप्चर, लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम, आणि बॉक्सवर प्ले. चित्र 576 ओळींचं, म्हणजे एचडी नाही, आणि बावीस मिनिटांना बावीस मिनिटंच लागतात. म्हणून आधी यादी करा आणि जे कुठेच मिळणार नाही ते पहिल्यांदा घ्या. घरच्यापुरतं ठेवा, इंटरनेटवर चढवू नका.

उतरवलेली फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहा. मी पाहिली तेव्हा अकराव्या मिनिटाला आवाज गेला होता, बाबांचे ओठ हलत होते आणि झाडाच्या बुंध्याकडे हात होता. पांढरी पिन सैल होती. ती दाबून बसवली आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. आई शेजारी येऊन बसली. ताण तोडायची वेळ आली तेव्हा बाबांच्या आधी तीच बोलली, "आता पान मलूल दिसलं की पाणी."