गॅलब्रेथची डायरी घेऊ की केनेडीला लिहिलेली पत्रं?

एका मित्राने विचारलं, गॅलब्रेथचं एकच पुस्तक घ्यायचंय, 'अँबॅसडर्स जर्नल' घेऊ की 'लेटर्स टू केनेडी'? गॅलब्रेथ म्हणजे अमेरिकन अर्थतज्ज्ञ, राष्ट्राध्यक्ष केनेडीने १९६१ ला दिल्लीत राजदूत म्हणून पाठवलेला; बाकी ओळख सोडतो. मी आधी पत्रं घेतली आणि मग डायरीही घ्यावीच लागली, म्हणजे खिसा दोनदा हलका झाला.

पत्रांचं पुस्तक १९९८ चं, बारीकसं, लोकलमध्ये उभ्याने एका हातात मावतं. आणि लिहितो काय हा माणूस! मुळात लेखकच, पुढे कादंबरीही लिहिली, त्यामुळे राष्ट्राध्यक्षाला लिहितानाही वाक्याला धार लावल्याशिवाय सोडत नाही. मार्च १९६२ च्या पत्रात म्हणतो की राजकारण ही शक्यतेची कला वगैरे काही नाही, सत्यानाश आणि न रुचणारी गोष्ट यातलं एक निवडायचं असतं बस. व्हिएतनाममध्ये अडकू नका हेही तेव्हापासूनच सांगतोय.

पण मला एका गोष्टीने छळलं. सगळा मामला एकतर्फी! डब्यात शेजारचा फोनवर "हो... नाही हो... अहो मग तेव्हाच सांगितलेलं ना" करत असतो आणि पलीकडचा काय बोलतोय ते आपल्याला ऐकू येत नाही, तसंच. केनेडीने ऐकलं की कानाआड केलं, त्या दिवशी दिल्लीत काय चाललेलं, काही कळत नाही, मी तर दर दोन पत्रांनी मोबाईलवर तारखा शोधत बसायचो.

डायरीत (ही १९६९ ची) केनेडीची उत्तरं फार आहेत असं नाही, पण पत्रं त्या त्या दिवसांच्या मधे येतात आणि पुढे काय झालं ते दिसतं. डिसेंबर १९६१ चंच बघा ना, हा नेहरूंना गोव्यावरची कारवाई पुढे ढकला म्हणून विनवतोय, आणि माझं आजोळ गोव्याच्या हद्दीवरच्या दोडामार्गचं, लष्कर तिथून पुढे गेलं हे लहानपणापासून ऐकलेलं, शेवट पाठ, तरी मी पानं भराभर उलटत होतो. ऑक्टोबर १९६२ ला तर तिकडे केनेडी क्यूबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचात गुंतलेला आणि इकडे चीन चढून आलेला, दिल्लीतलं बरंचसं यालाच निभवावं लागलं.

कंटाळा येतो हेही खरं, सहाशेच्या वर पानं, स्वागतं, मेजवान्या, स्वतःचं कौतुक तर विचारू नका. नुसती चटपटीत वाक्यं हवी असतील, वेळ कमी असेल तर पत्रं घ्या, वाईट नाहीच. मी मात्र परत उघडतो ती डायरी.

फक्त जुनी प्रत घेणार असाल तर बांधणी बघून घ्या, माझी नेमकी ऑक्टोबर १९६२ पाशी उसवलीय, पुस्तक उघडलं की चीनचं आक्रमण सुटं होऊन मांडीवर पडतं.