सॉफ्टवेअर शिकायचं की नाही? फी भरायच्या आधी सीएस५० करून बघा

भाचीची बारावी झाली आणि घरात रोज तोच विषय, कॉम्प्युटर घ्यायचं की सिव्हिल. ताई म्हणाली तू एकदा बघ, म्हणून मे महिन्यात तिला घेऊन म्हापशाला एका क्लासात गेलो. काउन्सेलिंग फुकट होतं, एसी मस्त होता, पण मुलीला गणित आवडतं का हे कोणी विचारलंच नाही, पॅकेजचे आकडे दाखवले आणि आजच अर्धी फी भरली तर डिस्काउंट म्हणे. हात जोडले आणि डिचोलीची बस पकडली.

मग ऑफिसातल्या एका पोराने सीएस५० सांगितला. कॉम्प्युटर सायन्सची ओळख करून देणारा हार्वर्ड विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स, डेव्हिड मलान शिकवतात, पूर्ण फुकट. सर्टिफिकेटसुद्धा त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घेतलं तर फुकट मिळतं, एडेक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवालं हवं असेल तरच पैसे. लॅपटॉप साधा चालतो कारण कोड ब्राउझरमध्येच लिहायचा असतो, फक्त गिटहबचं, म्हणजे कोड ठेवायच्या साइटचं, अकाउंट लागतं.

पहिला आठवडा शून्य नंबरचा, त्यात स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून मांजर नाचवायचं. भाची म्हणाली मामा हे तर पोरखेळ आहे. पुढच्या आठवड्यात डायरेक्ट सी ही प्रोग्रामिंगची भाषा आली आणि हसू गेलं. त्यात एक मारिओचा प्रॉब्लेम आहे, हॅशच्या (#) खुणांची उजवीकडे टेकलेली पायरी छापायची. ऐकायला काहीच नाही, पण आधी स्पेस किती आणि मग हॅश किती हेच जमेना, पायरी दरवेळी डावीकडेच चिकटायची. रात्री पावसात लाइट गेली तर ही बाय मेणबत्तीपुढे चौकटीच्या वहीत ओळी मोजत बसलेली! चार उंचीची पायरी, पहिल्या ओळीत तीन मोकळ्या चौकटी, मग दोन, मग एक... लाइट आल्यावर चेक५० चालवलं, म्हणजे कोड बरोबर आहे का ते तपासणारं कोर्सचंच टूल, सगळे हिरवे हसरे चेहरे आले आणि ताईला झोपेतून उठवून दाखवलं. बारावीच्या मार्कांवरून जे कळलं नव्हतं ते मला त्या रात्री कळलं.

खोट पण आहेच. सगळं इंग्रजीत, लेक्चर दोन तासांच्या आसपास, सबटायटल असले तरी मराठी माध्यमातल्या पोरांना सुरुवातीला जड जाणार. अडलं तर शेजारी विचारायला कोणी नाही. आणि चार नंबरच्या आठवड्यात मेमरी आणि पॉइंटर (मेमरीतल्या जागेचे पत्ते) येतात तिथे गाडी सरळ चढावर लागते, तिथे कंटाळा आला म्हणून लगेच सॉफ्टवेअर आपल्यासाठी नाही असं ठरवू नका, तो भाग डिग्रीवाल्यांनाही रडवतो. नोकरी मिळेल का, फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज बरं की बीसीए, असल्या प्रश्नांना कोर्स काही उत्तर देत नाही, तो त्याचा विषयच नाही. अडलेल्या गोष्टीशी तास दोन तास झटायला आवडतं का, एवढंच त्यातून कळतं, आणि म्हापशाच्या एसीत मला नेमकं तेच कळलं नव्हतं.

माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा इंग्रजीसाठी कापला. भाचीने फॉर्मवर कॉम्प्युटर पहिलं टाकलंय, सिव्हिल दुसरं. पॉइंटर अजून सुटलेले नाहीत, म्हणते चवथीच्या आधी संपवते, गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायला मग तिला हाक मारू नका.