अमेरिकी मालिका घ्यायची कशी : सुटी खरेदी, घाऊक करार की फॉरमॅट?

दर मे महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये हॉलिवूडचे स्टुडिओ आपल्या नव्या मालिकांचे पहिले भाग परदेशी खरेदीदारांना दाखवतात. ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधील कान येथे भरणाऱ्या मिपकॉम बाजारात हेच विक्रेते आणि जगभरच्या वाहिन्यांचे प्रतिनिधी पुन्हा समोरासमोर बसतात. तिथली बहुतेक चर्चा कोणती मालिका घ्यावी याभोवती फिरते. ती कोणत्या कराराने घ्यावी हा प्रश्न मात्र कायदेशीर विभागाकडे सोपवला जातो, आणि माझ्या मते खरी चूक तिथेच होते. पुढील तुलना इंग्रजीखेरीज अन्य भाषेत चालणाऱ्या एखाद्या मध्यम आकाराच्या वाहिनीसाठी हा निर्णय घेणाऱ्या व्यक्तीला समोर ठेवून केली आहे. तिच्यापुढे मुख्यतः तीन मार्ग असतात : एखादी तयार मालिका सुटी विकत घेणे, स्टुडिओशी घाऊक करार करून त्याचे बरेचसे उत्पादन ठरावीक वर्षांसाठी उचलणे, किंवा मालिकेच्या कल्पनेचे आणि संहितांचे हक्क, म्हणजे फॉरमॅट, घेऊन ती आपल्या भाषेत नव्याने बनवणे.

अमेरिकी माल परदेशात इतक्या कमी दरात का मिळतो, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेत मालिका बनवणाऱ्या स्टुडिओला नेटवर्ककडून, म्हणजे ती देशभर दाखवणाऱ्या वाहिनीकडून, मिळणारे परवाना शुल्क परंपरेने निर्मितीच्या संपूर्ण खर्चाइतके नसे. उरलेली तूट स्टुडिओ स्वतः सोसत असे आणि ती पुनःप्रक्षेपणाच्या व परदेशी विक्रीच्या उत्पन्नातून भरून काढत असे. १९७० मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या अमेरिकी प्रक्षेपण-नियामक संस्थेने नेटवर्कना बाहेरच्या निर्मात्यांच्या मालिकांच्या पुनर्विक्रीत हिस्सा ठेवण्यास मनाई केली. त्यामुळे ही विक्री स्टुडिओंच्या हाती एकवटली आणि १९९० च्या दशकात ते नियम रद्द होईपर्यंत परदेशी बाजार हा त्यांच्या हिशेबाचा पक्का भाग होऊन बसला होता. एक भाग तयार झाला की तो आणखी एका देशात विकण्याचा वाढीव खर्च नगण्य असतो. म्हणून विक्रेता निर्मितीखर्च पाहून दर लावत नाही. त्या देशात जाहिरातीचा बाजार केवढा आहे, किती घरांपर्यंत वाहिनी पोहोचते आणि मुख्य म्हणजे तिथे दुसरा खरेदीदार आहे का, हे पाहून तो भाव सांगतो. एकच भाग जर्मनीला एका दराने आणि शेजारच्या छोट्या देशाला त्याच्या लहानशा अंशाने विकला जातो, आणि दोन्ही व्यवहार विक्रेत्याच्या दृष्टीने फायद्याचेच असतात. वाटाघाटीत निर्मितीखर्चाचा आकडा पुढे केला गेला तर त्याला महत्त्व देण्याचे कारण नाही.

सुटी खरेदी

सुट्या खरेदीत वाहिनी ठरावीक भाग, ठरावीक प्रदेश, ठरावीक भाषा, ठरावीक वर्षे आणि किती वेळा दाखवता येईल ती संख्या, एवढेच विकत घेते. नुकसान झाले तर ते एका मालिकेपुरते मर्यादित राहते, हा या मार्गाचा सर्वांत मोठा गुण आहे. सीबीएसची 'डॅलस' ब्रिटनपासून पश्चिम युरोपभर प्रचंड चालली, पण जपानमध्ये १९८१ साली सुरू होऊन काही महिन्यांतच बंद करावी लागली. परक्या देशातला लोकप्रियतेचा आकडा आपल्या देशात लागू पडेलच असे नाही, आणि सुट्या खरेदीत ही अनिश्चितता परवडते.

मालिका चालली तर मात्र याच मार्गाची कमजोरी उघडी पडते. १९८५ मध्ये ब्रिटनच्या थेम्स टेलिव्हिजनने बीबीसी देत असलेल्या दराच्या जवळपास दुप्पट दर देऊ करून 'डॅलस' स्वतःकडे खेचली. बीबीसी आणि व्यावसायिक वाहिन्यांनी एकमेकांच्या परदेशी मालिका पळवू नयेत असा अलिखित संकेत असल्याने मोठा वाद झाला, नियामक संस्थेने दबाव आणला, थेम्सच्या व्यवस्थापकीय संचालकांना पद सोडावे लागले आणि मालिका बीबीसीकडे परतली. पुढे तो संकेत उरला नाही. 'द सिम्पसन्स'चे हक्क चॅनेल फोरने बीबीसीपेक्षा अधिक बोली लावून २००२ मध्ये मिळवले. त्याच चॅनेल फोरने 'लॉस्ट' ही मालिका दोन पर्वे दाखवून रुजवली आणि तिसऱ्या पर्वापासून ती वर्गणीवर चालणाऱ्या स्कायकडे गेली. प्रेक्षक जमवण्याची जाहिरात, वेळापत्रकातली जागा, समीक्षकांपर्यंत पोहोचवण्याची खटपट हे सर्व पहिल्या खरेदीदाराने केले आणि वाढलेल्या भावाचा लाभ विक्रेत्याला झाला. सुटी खरेदी करणाऱ्याने पुढील सर्व पर्वांवर पहिला हक्क आणि दरवाढीची वरची मर्यादा पहिल्याच करारात लिहून घेतली नाही, तर तो दुसऱ्याच्या मालाची जाहिरात स्वतःच्या खर्चाने करत असतो.

मालिकेच्या जातीनेही फरक पडतो. प्रत्येक भागात एक गुन्हा आणि त्याचा उलगडा असणाऱ्या मालिका कोणत्याही क्रमाने, कितीही वेळा लावता येतात. फ्रान्सच्या टीएफवनने 'सीएसआय'चे नवे आणि जुने भाग एकाच संध्याकाळी सलग दाखवून वर्षानुवर्षे प्राइम टाइम भरला. याउलट सलग कथानकाची मालिका समीक्षक डोक्यावर घेतात, पण मधूनच पाहायला बसलेल्या प्रेक्षकाला ती धरून ठेवत नाही आणि पुनःप्रक्षेपणात तिची किंमत झपाट्याने घसरते. कमी पैशात अधिक तास भरायचे असतील तर पहिल्या प्रकाराला पर्याय नाही, हे मी ठामपणे सांगेन.

घाऊक करार

घाऊक करारात वाहिनी एखाद्या स्टुडिओचे येणारे उत्पादन काही वर्षांसाठी उचलण्याची हमी देते. गाजणारी मालिका प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही, ही खात्री हा त्याचा मोबदला. ही खात्री खरी आहे, पण ती महाग पडते. हव्या असलेल्या एका मालिकेबरोबर नको असलेल्या पाच घ्याव्या लागतात, त्यातल्या दोन अमेरिकेतच पहिल्या पर्वात गुंडाळल्या जातात, आणि तरीही हप्ते ठरल्याप्रमाणे भरावे लागतात. १९९६ च्या सुमारास जर्मनीचे माध्यमसम्राट लिओ किर्श यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओंशी अब्जावधी मार्कांचे दीर्घकालीन करार केले. सशुल्क दूरचित्रवाणी जर्मनीत वेगाने वाढेल, हा त्यामागचा अंदाज होता. तशी ती वाढली नाही, देणी मात्र ठरलेलीच राहिली, आणि एप्रिल २००२ मध्ये त्यांची कंपनी किर्शमीडिया दिवाळखोरीत गेली. फॉर्म्युला वन आणि विश्वचषक फुटबॉलच्या हक्कांचा बोजाही त्यात होता. परंतु ठरलेले देणे आणि अनिश्चित उत्पन्न यांचे गणित तिथेही हेच होते.

यशस्वी घाऊक कराराचे उदाहरण म्हणून ब्रिटनची स्काय आणि अमेरिकेची एचबीओ वाहिनी यांचे नाव घ्यावे लागेल. २०१० मध्ये झालेल्या कराराच्या आधारावर स्कायने फेब्रुवारी २०११ मध्ये स्काय अटलांटिक ही स्वतंत्र वाहिनीच उभी केली आणि काही आठवड्यांतच 'गेम ऑफ थ्रोन्स' तिच्या वाट्याला आली. दर्शक दरमहा वर्गणी भरत असल्याने स्कायला एखाद्या मालिकेच्या रोजच्या टीआरपीची चिंता नव्हती. वर्गणीदार टिकला की पैसा वसूल होत होता. जाहिरातीवर चालणाऱ्या वाहिनीला ही सोय नसते. आणि इतक्या चांगल्या करारालाही शेवट असतोच. भारतात एचबीओचे कार्यक्रम २०१५ पासून हॉटस्टारवर होते; ३१ मार्च २०२३ नंतर ते तिथून गेले आणि थोड्याच दिवसांत जिओसिनेमाकडे आले. आवडती मालिका अर्धवट पाहून झालेल्या प्रेक्षकाला त्या दिवशी सेवेचा राग आला, स्टुडिओचा नाही. हा राग घेणाऱ्याच्या खात्यावर जमा होतो, आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून इथे मुद्दाम नमूद करतो.

डिस्ने प्लस २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाल्यापासून स्टुडिओंनी आपला माल स्वतःच्या सेवेसाठी राखून ठेवण्यास सुरुवात केली, आणि घाऊक कराराचा पायाच डळमळीत झाला. त्यानंतर पैशाची चणचण भासू लागल्यावर काहींनी पुन्हा बाहेर विक्री सुरू केली. २०२३ मध्ये एचबीओच्या काही मालिका अमेरिकेत थेट नेटफ्लिक्सवर दिसल्या. विक्रेत्याचे धोरण दर दोन-तीन वर्षांनी असे पालटत असताना पाच वर्षांची हमी देण्याचे धाडस मध्यम वाहिनीने करू नये.

फॉरमॅट

तिसरा मार्ग सर्वांत खर्चिक आहे, आणि मला तोच सर्वांत अधिक विचार करण्याजोगा वाटतो. इथे परवाना शुल्क तुलनेने कमी असते. खरा खर्च निर्मितीचा असतो आणि तो आपल्याच देशात, आपल्याच कलावंतांवर आणि तंत्रज्ञांवर होतो. रशियाच्या एसटीएस वाहिनीने २००४ मध्ये सोनीकडून 'द नॅनी'चे हक्क घेऊन ती मालिका मॉस्कोत बेतली. मूळ अमेरिकी मालिकेचे १४६ भाग संपले तरी मागणी उरली होती, म्हणून पुढचे भाग नव्याने लिहून घेण्यात आले. 'एव्हरीबडी लव्ह्ज रेमंड'चे मूळ भाग २१०. तिचा रशियन अवतार २००९ पासून दहा वर्षे चालला आणि त्याने पाचशेचा टप्पा ओलांडला. तयार मालिका घेतली असती तर ती २१० वर थांबली असती. सासू-सून, शेजारी, पैशाची ओढाताण असे कौटुंबिक विनोद डबिंगमध्ये मरतात, पण नव्याने लिहिल्यावर तग धरतात, हेही यातून दिसते.

भारताचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. 'स्मॉल वंडर' ही मालिका हिंदी डबिंगमध्ये स्टार प्लसवर लहान मुलांनी आवडीने पाहिली आणि २००३ मध्ये तिच्यावर बेतलेली 'करिश्मा का करिश्मा' त्याच वाहिनीवर आली. अनिल कपूर यांनी '२४' या अमेरिकी मालिकेचे हक्क घेऊन २०१३ मध्ये ती कलर्सवर आणली. २०१६ मध्ये दुसरे पर्व झाले आणि तिसरे आले नाही. 'रेमंड'वर बेतलेली 'सुमित संभाल लेगा' २०१५ मध्ये स्टार प्लसवर आली, पण रशियासारखी दशकभर टिकली नाही. याचे मोठे कारण मला प्रक्षेपणाच्या लयीत दिसते. अमेरिकी नेटवर्कची मालिका वर्षाला बावीस-चोवीस भागांची आणि आठवड्यातून एकदा येणारी, तर आपल्याकडची मालिका आठवड्यातून पाच-सहा दिवस चालणारी. मोजक्या पर्वांसाठी घट्ट विणलेली कथा रोजच्या मालिकेच्या वेळापत्रकात बसवायची तर ती ताणावी लागते, आणि ताणली की ती मूळ कथा उरत नाही. ओटीटीवर ही अडचण नाही. 'द गुड वाइफ'वर बेतलेली 'द ट्रायल' २०२३ मध्ये हॉटस्टारवर आठ भागांत मांडता आली. जपान आणि दक्षिण कोरियातही हीच मालिका, तसेच 'सूट्स', तिथल्या दहा ते सोळा भागांच्या प्रथेत सहज बसल्या. फॉरमॅट घेण्यापूर्वी आपली वाहिनी आठवड्याला किती भाग मागते, हे विषयापेक्षाही आधी पाहावे.

कायद्याचा विचार

काही देशांत हा निर्णय कायदाच निम्मा करून टाकतो. युरोपीय समुदायाच्या १९८९ च्या निर्देशापासून तिथल्या वाहिन्यांना बातम्या, खेळ, जाहिराती इत्यादी वगळता उरलेल्या वेळेतला बहुतांश भाग, शक्य तिथे, युरोपीय कार्यक्रमांना द्यावा लागतो. ऑस्ट्रेलियात व्यावसायिक वाहिन्यांना सकाळी सहा ते मध्यरात्रीपर्यंतच्या वेळेत ५५ टक्के स्थानिक कार्यक्रम दाखवावे लागतात. तयार अमेरिकी मालिका या हिश्श्यात धरली जात नाही, तर तिच्या फॉरमॅटवर देशात बनलेली मालिका सामान्यतः स्थानिक ठरते. कॅनडाची गोष्ट अगदी निराळी आहे : तिथे सीटीव्ही किंवा ग्लोबलसारखी वाहिनी अमेरिकी मालिका अमेरिकेबरोबर त्याच वेळी दाखवते, आणि केबलवर येणाऱ्या अमेरिकी वाहिनीच्या जागी नियमानुसार कॅनेडियन वाहिनीचे प्रक्षेपण, तिच्या जाहिरातींसह, लावले जाते. त्यामुळे तिथे सुटी खरेदीच सर्वांत फायद्याची ठरते. हे गणित दुसऱ्या देशात उचलून नेता येत नाही.

माझा कौल

जाहिरातीवर चालणाऱ्या, प्रादेशिक भाषेतल्या वाहिनीने घाऊक कराराच्या वाटेला जाऊ नये. लहान मुलांचे ॲनिमेशन आणि स्वयंपूर्ण भागांच्या जुन्या मालिका सुट्या घ्याव्यात. दूरदर्शनने १९९० च्या दशकात 'डकटेल्स' आणि 'टेलस्पिन' हिंदीत आणून दाखवून दिले की डबिंग मनापासून केले तर ॲनिमेशन परके वाटत नाही. डबिंगसाठी संवादाविना संगीत आणि ध्वनी असलेला स्वतंत्र ट्रॅक मिळेल, हे करारात लिहून घ्यावे, कारण तो नसेल तर सारा ध्वनी पुन्हा उभारावा लागतो. केलेल्या डबिंगवर मालकी कोणाची, हेही तिथेच ठरवावे. बरेच विक्रेते मुदतीनंतर ते फुकट मागतात, आणि तो आवाज आपल्या पैशांनी आणि आपल्या कलावंतांनी घडवलेला असतो.

कौटुंबिक आणि कायदा-न्यायाच्या कथा फॉरमॅट म्हणून घ्याव्यात, पण थेट हक्क विकत न घेता आधी वर्षभराचा पर्याय राखून ठेवणारी छोटी रक्कम भरावी. त्या वर्षात आपल्या लेखकांकडून तीन-चार भाग लिहून घ्यावेत आणि ते आपल्या भाषेत उभे राहत नसतील तर रक्कम सोडून द्यावी. नव्याने बनलेल्या भागांचे हक्क मुदतीनंतर कोणाकडे राहतील, ते तिसऱ्या देशात कोण विकू शकेल आणि मूळ संहिता संपल्यावर लिहिलेल्या नव्या कथांवर स्टुडिओचा किती अधिकार असेल, या तीन कलमांसाठी वाटाघाटीचा सर्वाधिक वेळ राखून ठेवावा. दरातली थोडी सवलत सोडून या कलमांवर अडून बसणे अधिक हिताचे आहे.